रिपोर्टमधलं फुप्फुस आणि जिन्यावरचं फुप्फुस

वाचकाचं पत्र

डॉक्टर, माझे मिस्टर ५२ वर्षांचे आहेत. चार महिन्यांपूर्वी त्यांना जबर न्यूमोनिया झाला. साधा ताप समजून पहिले दोन दिवस घरीच काढले. मग डॉक्टरांनी तपासून गोळ्या दिल्या, एक्स-रे काही काढला नाही. पाचव्या रात्री हे असंबद्ध बोलायला लागले. मला वाटलं, ताप डोक्यात गेला. सकाळी हॉस्पिटलमध्ये नेलं तर ऑक्सिजन ८२. आठ दिवस व्हेंटिलेटरवर होते, छातीत नळी घालून पू काढला, २३ दिवसांनी घरी आलो. कुठल्याच तपासणीत जंतू सापडला नाही. आता ताप नाही, खोकला थोडा आहे, पण एक जिना चढले की धाप लागते. तेव्हापासून खालच्या खोलीतच झोपतात. दिवसभर बोटाला ऑक्सिमीटर. परवाच्या सीटी स्कॅनमध्ये ‘फायब्रोटिक बँड्स, प्ल्युरल थिकनिंग, ट्रॅक्शन ब्रॉन्किएक्टॅसिस’ असं लिहून आलंय. दीर म्हणतात, एक फुप्फुस कायमचं गेलं. खरंच का? आणि मी यांना दोन दिवस आधी नेलं असतं तर? यांचा पलंग पुन्हा वर न्यायचा की नाही, एवढंसुद्धा मला ठरवता येत नाहीये.

उत्तर

ताई,

दिरांचं आधी उरकून टाकते. फुप्फुस गेलेलं नाही. गेलेल्या फुप्फुसाबद्दल रेडिओलॉजिस्ट ‘बँड्स’ असं लिहीत नाहीत. बँड म्हणजे पट्टा. आजूबाजूच्या चांगल्या फुप्फुसातून गेलेली, भरून आलेल्या जखमेची रेघ. स्कॅनच्या फिल्म मी पाहिलेल्या नाहीत, तुम्ही कळवलेल्या तीन शब्दांवरूनच बोलतेय. पण ते तिन्ही शब्द जेवढं घाबरवतात, तेवढं वाईट सांगत नाहीत.

फुप्फुसात तीस ते पन्नास कोटी वायुकोश असतात. त्यांच्या भिंती इतक्या पातळ की कोशातला ऑक्सिजन पलीकडच्या रक्तात नुसता झिरपून जातो. जंतू तिथपर्यंत पोचले की शरीर त्यांच्यामागे पाणी आणि पांढऱ्या पेशी सोडतं, आणि हवेची जागा त्यानेच भरून जाते. पूर्वी शवविच्छेदन करणाऱ्यांना असं फुप्फुस हातात घेतल्यावर यकृताचा तुकडा धरल्यासारखं वाटायचं, म्हणून या अवस्थेला आम्ही अजूनही ‘हेपटायझेशन’ म्हणतो. एवढं दगडासारखं झालेलं फुप्फुससुद्धा बहुतेकांचं पुन्हा मोकळं होतं. कारण कोश भरतात, पण त्यांच्या भिंती उभ्या असतात. पुराचं पाणी घरात छतापर्यंत चढलं तरी भिंती टिकल्या असतील, तर गाळ उपसून त्याच घरात राहता येतं. इथे गाळ उपसायला सफाई करणाऱ्या पेशी असतात. थोडा बेडक्यातून बाहेर पडतो, बराचसा जागीच जिरतो.

व्रण राहतो तो भिंत पडली तिथे. काही जंतू फुप्फुसाचा भागच सडवतात, त्यात पोकळी होते, गळू होतं. काही वेळा फुप्फुसाच्या बाहेरच्या दुपदरी आवरणात पू साठतो. त्या दोन पदरांमध्ये एरवी चमचा-दोन चमचे पाणी असतं, तेवढ्यावर ते एकमेकांवरून सरकत राहतात. तिथे पू झाला की त्याची साय धरते, पदर चिकटतात, जाड होतात. तुमच्या मिस्टरांना नळी घालावी लागली, म्हणजे हे झालं होतंच. ‘प्ल्युरल थिकनिंग’ म्हणजे हीच साय. ती पुढचे कित्येक महिने आपसूक पातळ होत राहते. म्हणूनच, सायीमुळे फुप्फुस अगदी जखडून गेलेलं नसेल, तर ती सोलून काढायच्या ऑपरेशनची सर्जन घाई करत नाहीत. चार महिन्यांचा रिपोर्ट हा शेवटचा रिपोर्ट नव्हे.

त्यांच्या खाटेखाली ती बाटली असेल ना, नळीचं टोक पाण्यात बुडवलेली? श्वासागणिक नळीतलं पाणी वर-खाली होताना तुम्ही कितीदा बघत बसला असाल. तिची गोष्ट सांगते, दिरांना सांगायला उपयोगी पडेल. १९१८ साली अमेरिकी लष्कराच्या छावण्यांत न्यूमोनिया आणि त्यामागून छातीत पू होण्याची साथ आली होती. तेव्हाची रीत अशी की पू दिसला की छाती उघडायची. जवान त्यातच दगावत होते. इव्हार्ट्स ग्रॅहॅम नावाचे एक सर्जन या चौकशीवर नेमले गेले. त्यांच्या लक्षात आलं, की आवरण चिकटून स्थिर व्हायच्या आत छाती उघडली तर बाहेरची हवा आत शिरते, फुप्फुस मिटतं, आणि आधीच कासावीस झालेला माणूस जातो. हवा आत न जाऊ देता पू बाहेर काढा, असं त्यांनी सांगितलं आणि मृत्यू झपाट्याने कमी झाले. पाण्यात बुडवलेली नळी करते ते एवढंच: आतलं बाहेर येऊ देते, बाहेरचं आत नाही. याच ग्रॅहॅमनी पुढे १९३३ मध्ये कॅन्सर झालेल्या एका डॉक्टरचं अख्खं डावं फुप्फुस काढलं. तो रुग्ण एका फुप्फुसावर ३० वर्षं जगला, सर्जनच्याही मागे राहिला. तेव्हा ‘एक फुप्फुस गेलं’ हे खरं असतं तरी गोष्ट तिथे संपली नसती. इथे तर ते खरंही नाही.

तिसरा शब्द ब्रॉन्किएक्टॅसिस. श्वासनळ्यांच्या फांद्या रुंद होऊन तशाच राहणं. ‘ट्रॅक्शन’ म्हणजे बाजूच्या व्रणाने ओढून धरल्यामुळे झालेलं. जखम भरताना आक्रसते आणि शेजारच्या नळीला आपल्याकडे खेचते. यातला काही भाग कायम राहू शकतो, हे लपवण्यात अर्थ नाही. पण न्यूमोनियानंतर लवकर काढलेल्या स्कॅनमध्ये रुंद दिसणाऱ्या नळ्या पुढे पूर्ववत झालेल्याही आम्ही बघतो, त्यामुळे त्यावर आजच शिक्कामोर्तब नको. तुमच्यासाठी प्रश्न एकच आहे: यांना रोज सकाळी भरपूर बेडका पडतो का? पडत नसेल, तर तो शब्द सध्या कागदावरच राहू दे. पडत असेल, तर फिजिओथेरपिस्टकडून बेडका मोकळा करायचं तंत्र शिकून घ्या. चार-पाच सावकाश खोल श्वास, मग तोंड उघडं ठेवून आरशावर वाफ सोडतो तसा जोरात ‘हाऽ’ करत सोडलेला उच्छ्वास. खोकून खोकून छाती दुखवण्यापेक्षा याने जास्त सुटतं.

मग धाप कशाची? माझं मत विचाराल तर निम्मं उत्तर त्यांच्या मांड्यांत आहे. अतिदक्षता विभागात पडून राहिलेल्या गंभीर रुग्णांच्या मांडीचा स्नायू सोनोग्राफीने मोजला, तेव्हा पहिल्या दहा दिवसांतच त्याचा छेद सरासरी १८ टक्क्यांच्या आसपास घटलेला दिसला. तुमचे मिस्टर त्या काळात व्हेंटिलेटरवर होते, नंतरही दोन आठवडे खाटेवर, आणि घरी आल्यापासून भीतीने खुर्चीत. कमकुवत स्नायू तेवढ्याच कामाला जास्त ऑक्सिजन मागतो, लवकर आंबतो, आणि फुप्फुस ठीक असलं तरी माणूस धापा टाकतो. श्वास लागतो म्हणून चालायचं नाही, चालत नाही म्हणून श्वास लागतो. हे चक्र मी इतक्या घरांत पाहिलंय की आता रुग्ण दारातून आत येऊन खुर्चीपर्यंत कसा पोचतो, हे मी स्कॅन उघडायच्या आधी बघते.

अर्थात हा अंदाज झाला. तो तपासायचा कसा, ते ऐका. स्कॅन म्हणजे फोटो. फोटोवरून घराचा रंग कळतो, नळाला पाणी किती येतं ते कळत नाही. त्यासाठी फुंकर मारून करायची स्पायरोमेट्री आणि तिच्या जोडीला डिफ्युजनची तपासणी, म्हणजे डीएलसीओ, मागून घ्या. पहिलीतून फुप्फुसात हवा किती मावते आणि किती वेगाने निघते ते कळतं, दुसरीतून ती रक्तात किती सहज उतरते ते. आणि सहा मिनिटं सपाट जागेवर चालून ऑक्सिजन बघायची चाचणी, जी मला या तिन्हींत सगळ्यात प्रामाणिक वाटते. फुंकणी बरी आली आणि चालताना ऑक्सिजन टिकला, तर दोष फुप्फुसाकडे फारसा नाही. मग हिमोग्लोबिन बघायचं, इकोने हृदय बघायचं. हृदयाचं मुद्दाम सांगते, कारण जबर न्यूमोनियानंतरच्या आठवड्यांत हार्ट अटॅक आणि हार्ट फेल्युअरचा धोका वाढलेला असतो, आणि धाप म्हटलं की सगळे फुप्फुसाकडेच बोट दाखवत बसतात. चालताना ऑक्सिजन ४ किंवा त्याहून जास्त अंकांनी उतरला, तर मात्र छातीच्या डॉक्टरांना लवकर गाठा.

ऑक्सिमीटर बोटातून काढा. खरंच काढा. बोट गार असलं, हात हलला की तो काहीही आकडा दाखवतो. ९१ दिसलं की छाती धडधडते, आणि धडधडली की श्वास आणखी उथळ होतो. सकाळी एकदा बसून, आणि एकदा चालून आल्या आल्या, बस. हात गरम करून लावायचा, आकडा अर्धा मिनिट स्थिर होऊ द्यायचा, मगच वाचायचा. बाकी वेळ तो ड्रॉवरमध्ये, शक्यतो तुमच्या ड्रॉवरमध्ये.

वरच्या चाचण्यांत अडचण निघाली नाही, की चालणं सुरू. किती? चालता चालता पूर्ण वाक्य बोलता यावं, पण गाणं म्हणता येऊ नये, इतपत. धाप लागणं हे नुकसान होत असल्याचं लक्षण नाही, हे त्यांच्या मनावर ठसवायला वेळ लागेल. पहिल्या आठवड्यात पाच-पाच मिनिटं तीनदा, मग दर आठवड्याला थोडं वाढवत. जोडीला खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं, सुरुवातीला पाचदा, पुढे दहादा. पल्मनरी रिहॅबिलिटेशनचा, म्हणजे फुप्फुसाच्या रुग्णांना देखरेखीखाली व्यायाम शिकवण्याचा, सहा ते बारा आठवड्यांचा कार्यक्रम मिळत असेल तर जरूर घाला. नळी काढताना हातात दिलेलं, श्वासाच्या व्यायामाचं ते प्लास्टिकच्या तीन गोळ्यांचं यंत्र तुमच्याकडे असेलच. निम्मे लोक त्यात फुंकतात! ते ओढायचं असतं, फुंकायचं नसतं. नीट ओढलं तरी ते चालण्याची जागा घेत नाही. गोळ्या तिन्ही वर जातात आणि माणूस खुर्चीतच राहतो.

आता तुमचा दुसरा प्रश्न. त्याला पत्रात एकच ओळ दिलीत, पण बाकीचं पत्र त्याच ओळीसाठी लिहिलंय असं मला वाटलं.

दोन दिवस आधी नेलं असतं तर कदाचित आजार कमी चिघळला असता. ‘काही फरक पडला नसता’ असं सांगून मी तुमची समजूत काढणार नाही, तुम्हाला ते पटणारही नाही. पण तेव्हा तुमच्या हातात काय होतं ते बघू. पहिल्या दोन दिवसांत फ्लू आणि न्यूमोनिया घरी ओळखू येत नाहीत. ताप, अंगदुखी, कोरडा खोकला, सगळं तेच. सुरुवातीच्या तासांत एक्स-रेसुद्धा स्वच्छ येऊ शकतो. एक्स-रे नेहमी रुग्णाच्या मागून चालतो: आजार चढताना उशिरा डाग दाखवतो आणि माणूस हिंडाफिरायला लागला तरी डाग पुसत नाही.

डॉक्टरांचं म्हणाल तर, ताप-खोकल्याच्या प्रत्येक रुग्णाचा एक्स-रे कोणीच काढत नाही, काढूही नये. आम्ही शोधतो ते छातीतल्या एका जागेचा बदल. डॉक्टर छातीवर बोट ठेवून दुसऱ्या बोटाने टिचक्या मारतात ना, ते स्वतःवर करून बघा. उजव्या गळपट्टीच्या हाडाखाली मारा, पोकळ आवाज येईल. मग मांडीवर मारा, बद्द येईल. न्यूमोनियाने घट्ट झालेल्या भागावर आवाज बद्दच्या बाजूला जातो, पाणी किंवा पू असेल तर अगदी मांडीसारखा. स्टेथोस्कोपमधून तिथे बारीक चरचर ऐकू येते, केसांची बट कानाशी धरून बोटांत चोळावी तशी. पण ही सगळी चिन्हं तिसऱ्या दिवशी असतीलच असं नाही. एका गोष्टीबद्दल मात्र मला आमच्याच मंडळींचा राग येतो. श्वास मोजायचा राहतो. नाडी बघतात, ताप बघतात, बीपी बघतात, आणि मिनिटाला श्वास किती, ते अंदाजाने लिहितात. मोठ्या माणसाचे शांत बसलेले असताना १२ ते २० असतात. ३० किंवा जास्त झाले तर तो जबर आजार, एक्स-रे असो नसो.

आणि ती पाचवी रात्र. न्यूमोनिया किती गंभीर हे ठरवायला आम्ही पाच गोष्टी बघतो: माणूस गोंधळलेला आहे का, रक्तातला युरिया चढलाय का, श्वास ३० किंवा जास्त आहेत का, बीपी पडलंय का, वय ६५ किंवा पुढे आहे का. असंबद्ध बोलणं त्यात पहिलं. तुम्हाला ते ठाऊक असायचं काही कारण नव्हतं. ठाऊक नसतानाही सकाळ होताच तुम्ही त्यांना नेलंत, आणि ८२ ऑक्सिजनवरचा माणूस आज तुमच्या खालच्या खोलीत बसलाय. हे दोन्ही एकत्र खरं आहे, ताई. अतिदक्षता विभागातून परतलेल्यांना रात्री दचकून जाग येते, भास आठवतात, हे आता सगळे मानतात. बाहेरच्या बाकावर बसून राहिलेल्या माणसालाही तेच होतं. तुमची झोप उडाली असेल तर तीही डॉक्टरांना सांगा, मिस्टरांच्या अपॉइंटमेंटमध्ये तुमची पाच मिनिटं घ्या.

जंतू न सापडल्याने उपचार अंधारात झाले असं वाटून घेऊ नका. न्यूमोनियाने दाखल झालेल्यांपैकी निम्म्याहून जास्त लोकांत तो सापडतच नाही. हान्स ख्रिश्चन ग्रॅम यांनी १८८४ मध्ये जंतू रंगवायची रीत काढली, ती बर्लिनमध्ये, न्यूमोनियाने मेलेल्यांच्या फुप्फुसाच्या चकत्यांवर काम करताना. तेव्हापासून आम्ही बेडका रंगवतोय, त्यातले जंतू वाढायला लावतोय, वाट बघतोय. पण आधी अँटिबायोटिकच्या गोळ्या पोटात गेल्या असतील तर प्रयोगशाळेत काही वाढत नाही. त्यातून न्यूमोकॉकस, म्हणजे यातला सगळ्यात नेहमीचा गुन्हेगार, मरताना स्वतःच स्वतःला विरघळवून टाकतो. पुरावा नष्ट. म्हणून पहिल्या काही तासांतच नेहमीच्या सगळ्या संशयितांवर चालतील अशी औषधं देतात. थांबून, खात्री करून देण्याइतका वेळ नसतो. टीबीसाठी बेडका किंवा पू तपासला होता का, एवढं मात्र फाइलमध्ये शोधा. नसेल आणि खोकला चालू असेल, तर तपासून घ्या.

मिस्टर कधी सिगारेट ओढत होते का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. ओढत होते असोत वा नसोत, ५० च्या पुढे न्यूमोनियाचा डाग पूर्ण जाईपर्यंत किंवा बदलायचा थांबेपर्यंत त्याचा माग काढायचा असतो, कारण क्वचित त्यामागे नळी अडवणारी गाठ दडलेली असते. सीटी झालंय, तेव्हा हा प्रश्न डॉक्टरांना थेट विचारून निकाली काढा. पुढच्या खेपेला अगदी पहिल्या एक्स-रेपासूनच्या सगळ्या फिल्म घेऊन जा, नुसते कागद नकोत. शेजारी शेजारी लावून बघितल्या की दोन मिनिटांत कळतं. न्यूमोकॉकसची लस आणि दरवर्षीची फ्लूची लस यांचंही तेव्हाच ठरवा. एकदा न्यूमोनिया होऊन गेला म्हणून पुन्हा होत नाही असं काही नसतं.

पुढची तारीख येईपर्यंत थांबायचं नाही अशा गोष्टी: पुन्हा ताप, बेडक्यात रक्त, बेडका हिरवा-पिवळा होऊन वाढणं, वजन उतरत जाणं, एकाच पायाला सूज, बसल्या जागी धाप.

एरवी अशा आजारात साधारण तीन महिन्यांत बहुतेक तक्रारी जातात, थकवा रेंगाळतो, आणि सहा महिन्यांत बरेच जण पूर्वपदावर येतात. व्हेंटिलेटर आणि नळी झालेल्यांना त्याहून जास्त वेळ लागतो. वर्षभर सुधारणा चालू राहताना मी पाहिली आहे. पूर्वीइतकं सगळं येईलच असं लिहून देता येत नाही. फुंकणीत दहा-पंधरा टक्के कायमचे कमी राहिले तरी रोजच्या जगण्यात ते बहुधा जाणवत नाहीत, धावताना जाणवतील.

पलंग वर न्या. सहा मिनिटांच्या चाचणीत ऑक्सिजन टिकला, की त्याच आठवड्यात. पायरी चढताना श्वास सोडायचा, थांबल्यावर घ्यायचा. बहुतेक लोक चढताना श्वास कोंडून धरतात आणि वर जाऊन घुसमटतात. पहिले काही दिवस दिवसातून एकदाच चढू दे, रात्री झोपायला. जिन्याच्या मधल्या वळणावर जागा असेल तर तिथे एक खुर्ची ठेवा. तुम्ही मागून चाला, एक पायरी खाली, आणि वर पोचेपर्यंत ‘कसं वाटतंय’ विचारू नका. बोलायला लावलं की श्वास तुटतो.